सुरूच्या बनाचा जन्मदाखला

दिवेआगरात समुद्रावर जायचं म्हणजे आधी वाड्यांमधून जायचं. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, त्यांच्या आत नारळी-पोफळी, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट. वाडी संपते तशी पायाखालची माती भुरभुरीत होते, केवड्याचं एखादं जाळं लागतं आणि मग सुरूचं बन. ते ओलांडलं की पुळण आणि समुद्र. नागाव, काशीद, गुहागर, शिरोड्याचं वेळागर, कुठंही गेलं तरी थोड्याफार फरकाने क्रम हाच. गावातली माणसं संध्याकाळचं पाय मोकळे करायला याच वाटेने जातात, मुंबई-पुण्याचे पाहुणेही याच वाटेच्या ओढीने येतात. सुट्टीच्या जाहिरातीत, चित्रपटातल्या गाण्यात, दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावर कोकण दाखवायचं झालं की नारळाच्या बरोबरीने सुरू येतोच. त्यामुळे ही झाडं समुद्राइतकीच जुनी असावीत, निदान गावाइतकी तरी, असं गृहीत धरायची आपल्याला सवय झाली आहे. दिवेआगर हे गाव फार जुनं आहे. तिथला शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा ताम्रपट मराठीतल्या आरंभीच्या लेखांत मोजला जातो. वाडीतून समुद्राकडे जाणारी वाटही तेवढी जुनी असू शकेल. बन मात्र तसं नाही. कोकण किनाऱ्यावरची सुरूची बनं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झालेल्या सरकारी लागवडीची संतती आहेत. प्रत्येक पिढीतल्या कारभाऱ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे ती पुन्हा पुन्हा लावली, आणि लावणाऱ्याचा हेतू दर वेळी वेगळा होता. निसर्गाच्या इतिहासापेक्षा किनाऱ्याच्या पट्ट्यावर कुणाचा शब्द चालतो याचा इतिहास या बनात अधिक सापडतो.

पहिला पुरावा झाडच देतं. सुरूची खाली पडलेली एखादी ‘सुई’ उचलून पाहावी. ती पान नसते, ती कोवळी हिरवी काडी असते. तिला बोटभर अंतरातही कितीतरी पेरं असतात. पेरावर दोन्हीकडून हलकेच ओढलं की ती तिथेच निसटते, आणि सांध्याशी दातेरी कड्यासारखी बारीक खवल्यांची रांग दिसते. ही खवलीच सुरूची खरी पानं. पानं अशी आखडून घेतलेली असल्याने खारा वारा आणि तापलेली वाळू या झाडाला सोसते. मुळांवरच्या गाठींतले सूक्ष्मजीव हवेतलं नत्र पकडून देतात, म्हणून जिथे दुसरं झाड उपाशी मरेल तिथे हे जोमाने वाढतं. हे सगळं किनाऱ्यासाठीच घडवल्यासारखं वाटतं, आणि ते खरंही आहे. फक्त तो किनारा आपला नव्हे. ऑस्ट्रेलियाचा उत्तर भाग, आग्नेय आशिया, प्रशांत महासागरातली बेटं, म्यानमारचा किनारा आणि आपल्याकडे अंदमान ही त्याची मूळ ठिकाणं. आता याच झाडाच्या दोन उणिवा पाहा. एक, ते दीर्घायुषी नाही. साधारण चाळीस-पन्नास वर्षांत ते उतरणीला लागतं. दुसरी, सागासारखं ते तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा जोमाने फुटत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावर त्याच्या स्वतःच्या सावलीत त्याची रोपं आपोआप क्वचितच उभी राहतात. बी मुंग्या नेतात, जे रुजतं ते पातेऱ्याच्या थरात गुदमरतं. रोपवाटिकेत वाढवून, वाळूत खड्डे करून, सुरुवातीला हाताने पाणी घालूनच ते जगवावं लागतं. या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की हिशेब सोपा होतो. आज उभं असलेलं कुठलंही बन माणसाच्या एका आयुष्याहून फारसं थोरलं असू शकत नाही, आणि त्याच्याआधी तिथे बन असेल तर तेही कुणीतरी लावलेलंच. कित्येक ठिकाणी रांगा अजून मोजता येतात. एका झाडाच्या आड उभं राहून पाहिलं तर मागची झाडं एका ओळीत लपतात. रानातली झाडं अशी ओळीत उभी राहत नाहीत.

दुसरा पुरावा जुन्या वर्णनांच्या मौनाचा. आपल्या परंपरेत समुद्रकिनाऱ्याचं चित्र काही कमी नाही. कालिदासाच्या ‘रघुवंशा’त, तेराव्या सर्गात, राम पुष्पक विमानातून किनारा पाहतो, तेव्हा त्याला तमाल आणि ताडाच्या वनांची काळसर रेघ दिसते आणि वारा केवड्याचे पराग घेऊन येतो. कोकणच्या लोकव्यवहारातल्या झाडांची यादी केली तरी केवडा येतो, उंडी येते, करंज, भेंड, माड येतात. उंडीच्या बियांचं तेल दिव्यात जळे आणि तिचं लाकूड होड्यांना लागे. वाळूवर मर्यादवेल पसरलेली असे आणि रावणाच्या मिशा नावाचं काटेरी गवत वाळूच्या उंचवट्यांना धरून ठेवी. या झाडांना म्हणी आहेत, औषधात जागा आहे, सणावारात मान आहे. गणपतीला केवडा लागतो. सुरूला यातलं काहीच नाही. त्याच्याभोवती एखादं व्रत नाही, त्याखाली देवचार बसवलेला नाही, त्याच्या नावाचं ग्रामदैवत नाही. मौनावरून अनुमान काढणं धोक्याचं असतं, ही हरकत योग्यच आहे. एखादं झाड पोथीत नाही म्हणून ते भूमीवर नव्हतं असं म्हणता येत नाही, आणि संस्कृत कवींची वनस्पतीयादी बरीचशी ठरीव असते. पण इथे मौन एकाच कवीचं नाही. पोथी, पाककृती, औषध, नौकाबांधणी आणि देवधर्म ही सगळी दालनं एकाच झाडाबद्दल गप्प आहेत, आणि ते झाड किनाऱ्यावरचं सर्वांत उंच झाड आहे. एवढं उंच झाड पिढ्यान्‌पिढ्या दारात असतं तर कोकणी माणसाने त्याच्यावर निदान एक भूत तरी बसवलं असतं.

मग ते आलं कुठून आणि कशाला? भारताच्या मुख्य भूमीवर सुरू आधी बागेतलं शोभेचं झाड म्हणून रुळला. तोरू दत्त यांची सुरूवरची इंग्रजी कविता प्रसिद्ध आहे. ती त्यांच्या मृत्यूनंतर, १८८२ सालच्या संग्रहात आली, आणि तिच्यातलं झाड हे घराच्या बागेतलं एकुलतं एक झाड आहे. त्या एका झाडाचं रान झालं ते आगगाडीमुळे. मद्रासकडची पहिली रेल्वे १८५६ साली धावू लागली. तिच्या इंजिनांना कोळसा परवडेना. बंगालचा कोळसा लांब, विलायतेचा त्याहून लांब, म्हणून लाकूड जाळायचं ठरलं, आणि जवळपासची रानं भराभर उतरू लागली. तेव्हा किनाऱ्यावरच्या ज्या वाळूला शेतसारा मिळत नव्हता तिच्यात लवकर वाढणारं, कोळशासारखं तापणारं, ओलं असतानाही पेटणारं झाड लावणं हा सरकारच्या दृष्टीने बिनतोड उपाय होता. १८६०च्या आसपास कोरोमंडल किनाऱ्यावर सुरूची लागवड अशी सुरू झाली. पश्चिम किनाऱ्यावर तिचं पहिलं मोठं ठाणं कारवार. उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला. हे कारभारातलं स्थलांतर क्षुल्लक वाटेल, पण मद्रासकडचा लागवडीचा अनुभव मुंबईच्या वनखात्यापर्यंत यायला ते उपयोगी पडलं असणार. १८६८च्या सुमारास कारवारच्या वाळूत सुरू लावला गेला. कारण तेच, जळण.

जळणाची भूक हे कारण कोकणाला परकं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मुंबई जसजशी फुगत गेली तसतसं तिच्या चुलींना, हमामखान्यांना, भट्ट्यांना आणि स्मशानांना लागणारं लाकूड ठाणे, कुलाबा आणि जंजिऱ्याच्या रानांतून पडावांत भरून जाऊ लागलं. खाडीच्या तोंडाशी बंदर असणं म्हणजे मागच्या डोंगरावरचं रान विकायला रस्ता असणं. मुंबई इलाख्यात १८४७ सालीच अलेक्झांडर गिब्सन यांची जंगलांवर देखरेख करायला नेमणूक झाली होती. १८६४ साली साऱ्या हिंदुस्थानचं वनखातं उभं राहिलं, १८६५ आणि १८७८ साली वनकायदे झाले. डोंगरातलं लाकूड राखीव करायचं असेल तर लोकांना आणि शहराला दुसरीकडून जळण द्यायला हवं, आणि ती ‘दुसरीकडची’ जागा म्हणून वाळूचा पट्टा डोळ्यांपुढे येणं स्वाभाविक होतं. डोंगरावरची कुऱ्हाड आणि किनाऱ्यावरचं बन या एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. किनाऱ्यावर फिरताना आपल्याला हिरवळ दिसते. ज्यांनी ती लावली त्यांना तिथे खंडीवारी जळण दिसत होतं.

कारवारच्या या लागवडीला एक साक्षीदार मिळाला, तोही साधासुधा नव्हे. १८८३ साली रवींद्रनाथ ठाकूर कारवारला आले. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ तिथे जिल्हा न्यायाधीश होते. रवींद्रनाथ तेव्हा बावीस वर्षांचे. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक त्यांनी तिथेच लिहिलं. पुढे १९१२ साली ‘जीवनस्मृती’ प्रसिद्ध झालं, त्यात कारवारच्या अर्धचंद्राकार किनाऱ्याचं वर्णन आहे, आणि त्या वर्णनात रुंद पुळणीच्या कडेचं मोठमोठ्या सुरूंचं अरण्य आहे. त्या अरण्याच्या एका अंगाला काळी नदी वाहते. तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. लागवड १८६८च्या सुमाराची असेल तर रवींद्रनाथांनी पाहिलेल्या झाडांचं वय फार तर पंधरा वर्षं. वनखात्याच्या वहीत जो जळणाचा मळा होता तो पंधरा वर्षांत एका थोर कवीच्या आठवणीत अरण्य झाला, समुद्र आणि नदीइतकाच स्वाभाविक. यात रवींद्रनाथांना बोल लावण्यासारखं काही नाही. सुरू एवढ्या वेगाने वाढतो की तो लावलेला आहे हे विसरायला एक पिढीही लागत नाही. माणसाची स्मृती साधारण तीस वर्षांनी ढिली पडते, आणि हे झाड त्याच्या निम्म्या वेळात आभाळाला भिडतं. कोकणातल्या बाकीच्या बनांचं पुराणत्व असंच तयार झालं आहे. आजोबांनी लहानपणी पाहिलं म्हणजे ते कायमचं होतं, असा आपला हिशेब.

इथे एक हरकत येते, ती बाजूला सारण्यासारखी नाही. सुरूच्या आधी तिथे काय होतं? उघडी वाळूच ना? मग उघड्या वाळूवर झाडं लावली तर बिघडलं काय? या प्रश्नाला फ्रान्समधलं एक उदाहरण चांगलं लागू पडतं. फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लांद नावाचा प्रदेश आहे. वाळूच्या टेकड्या सरकत गावांवर यायच्या. अठराव्या शतकाच्या अखेरीस ब्रेमोंतिए नावाच्या अभियंत्याने तिथे पाइन लावून वाळू थांबवण्याचे प्रयोग केले आणि ते यशस्वी झाले. पुढे १८५७च्या कायद्याने तिथल्या ग्रामसमाजांना आपली सामायिक माळरानं पाइनखाली आणणं किंवा विकणं भाग पाडलं. त्या माळांवर, दलदलीतून चालता यावं म्हणून उंच काठ्यांवर चढून मेंढ्या राखणारे मेंढपाळ असत. ते दोन पिढ्यांत नाहीसे झाले. आज युरोपातले लोक त्या पाइनच्या वनातून चालत अटलांटिकच्या पुळणीवर जातात आणि त्याला निसर्ग म्हणतात. हिंदुस्थानच्या वनखात्यात नेमायच्या तरुणांना १८६७पासून काही वर्षं फ्रान्समध्ये नान्सीच्या वनशाळेत शिकायला पाठवलं जाई. म्हणजे ओसाड वाळूचं रूपांतर रानात करता येतं, आणि ओसाड म्हणजे कुणाचीच नसलेली जमीन, हा धडा आपल्या वनाधिकाऱ्यांना पाठ्यक्रमातच मिळत होता.

कोकणातली वाळू कुणाचीच नव्हती, हे म्हणणं तिथेच फसतं. वाडी आणि भरतीची रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात कोळी, गाबीत, भंडारी समाजांचं अर्धं आयुष्य जाई. पावसाळ्याआधी होड्या तिथे ओढून ठेवायच्या, जाळी वाळवायची नि सांधायची, मासळी सुकवायची, गुरं सोडायची, आणि कित्येक गावांत मेलेल्याला शेवटी तिथेच न्यायचं. त्या पट्ट्याला कागदावर पिकाचं नाव नव्हतं म्हणून तो पडीक ठरला. पडीक ठरला म्हणून लागवडीला मोकळा झाला. बन आलं तसं होड्यांना वाट सोडावी लागली, जाळ्यांची जागा सरकली, गुरांना कुंपण आडवं आलं. हे सगळं वाईटच झालं असं म्हणणं अतिरेकाचं होईल. सुरूच्या पडलेल्या काड्यांवर कित्येक घरांचं न्हाणीतलं पाणी तापलं आहे, मांडवाला सरळ खांब मिळाले आहेत, आणि उन्हात पुळणीवर काम करणाऱ्याला सावली मिळाली, हेही मोजायला हवं. पण मोकळ्या वाळूचं मोल शून्य धरून केलेला कोणताही ताळेबंद चुकीचाच येणार.

कोरोमंडल आणि कोकण यांच्यातला एक फरक इथे लक्षात घेण्याजोगा आहे, आणि तो या इतिहासातला मला सर्वांत बोलका भाग वाटतो. तमिळनाडूत आणि आंध्रात सुरू सरकारी बनातून उतरून शेतकऱ्याच्या शेतात गेला. तिथे तो रोकड पीक आहे. लावायचा, तीन-पाच वर्षांत कापायचा, खांब किंवा कागद कारखान्याला लाकूड म्हणून विकायचा. कोकणात असं झालं नाही. कारण उघड आहे. कोकणातली किनाऱ्याजवळची गोड्या पाण्याची वाळूमाती पोफळीला आणि माडाला इतकी मानवते की तिच्यात जळणाचं झाड लावणं म्हणजे वेडेपणा. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचं नाव पार लांबवर पोचलेलं आहे. जिथे सुपारी होते तिथे सुरू कोण लावील? शिवाय धारणा लहान, वाटण्या अनेक. त्यामुळे वाडीच्या गडग्याच्या आत सुरू कधी आला नाही. तो कायम गडग्याबाहेर राहिला, म्हणजे सरकारचा राहिला. स्वातंत्र्यानंतरही त्यात बदल झाला नाही, फक्त कारण बदललं. १९५० साली कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला, झाडं लावणं हे राष्ट्रकार्य झालं. १९८२ साली महाराष्ट्रात सामाजिक वनीकरणाचं स्वतंत्र खातं आलं. दोन-तीन पावसाळ्यांत डोक्यावर जाणारं आणि वाळूत जगणारं झाड अशा कार्यक्रमांना आवडणारच. जळणाची निकड गॅसच्या टाकीने कमी केली, तेव्हा तीच बनं वाळू धरण्यासाठी, वारा अडवण्यासाठी आणि अलीकडे पर्यटकांसाठी आहेत असं सांगितलं जाऊ लागलं. झाड तेच, फायलीवरचं शीर्षक नवं.

आता मुख्य आक्षेपाकडे. सुरू किनाऱ्याचं रक्षण करतो, मग तो कधी आणि कुणी लावला याने काय फरक पडतो? २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत कडलूरच्या परिसरात झालेल्या अभ्यासात झाडांच्या पट्ट्यामागच्या वस्त्यांचं नुकसान कमी झाल्याचं दिसलं, त्यात सुरूचे पट्टेही होते. त्याच सुमारास दुसऱ्या अभ्यासकांनी असल्या निष्कर्षांवर बोट ठेवलं, की गाव समुद्रापासून किती दूर आणि किती उंचावर आहे याचा हिशेब लावला तर झाडांच्या वाट्याला येणारं श्रेय बरंच घटतं. वाद मिटलेला नाही, आणि मिटल्याचं सोंग कुणीही आणू नये. कोकणापुरती मोठी परीक्षा ३ जून २०२० रोजी झाली. ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेकडून जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या आणि त्यांच्या पुढची सुरूची बनंही. बनाने वाऱ्याचा जोर थोडा खाल्ला असेल. पण एकाच वयाची, एकाच उंचीची, वाळूत उथळ मुळं पसरलेली झाडं ओळीने उभी असली की पडायला लागतात तेव्हाही ओळीनेच पडतात. आणि रोजचा समुद्र वादळापेक्षा अधिक चिकाटीचा. जिथे पुळण खचते आहे तिथे लाटा मुळांखालची वाळू उपसतात आणि मुळांची चकती वर करून झाड समुद्राकडे झुकतं, हे दृश्य कोकणात कुठेही पाहायला मिळतं. मर्यादवेल आणि वाळूतलं गवत वाळू सरकली की तिच्याबरोबर सरकतं, पुन्हा पसरतं, नवा उंचवटा करतं. सुरूला सरकता येत नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडात हेच झाड बाहेरून नेलं गेलं. पुळण खचवणारं आणि कासवांच्या घरट्यांना अडथळा आणणारं म्हणून आज तिथे ते लावायला बंदी आहे. आपल्याकडेही ऑलिव्ह रिडले कासवं उघड्या वाळूत अंडी घालतात. वेळासला २००२पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ने त्यांच्या संवर्धनाचं काम उभं केलं आणि गाव प्रसिद्ध झालं. भरतीच्या रेषेला खेटून लावलेली झाडांची रांग ही या मादीच्या दृष्टीने भिंत असते.

एवढं वाचून कुणी म्हणेल की हा परकीय झाडाविरुद्धचा खटला आहे. तसं असतं तर काजूवर आधी चालवावा लागला असता. काजू पोर्तुगीजांनी आणला, त्याला आता कोकणातून कोण काढणार? मिरचीही बाहेरची, बटाटाही बाहेरचा. सुरू तर अंदमानाच्या नात्याने अर्धा भारतीयच. माझा मुद्दा झाडाच्या कुळाचा नाही. काजू घरात शिरला. त्याची बी, बोंड, दारू, कर्ज, भांडणं सगळं गावाच्या हातात आलं, म्हणून तो कोकणाचा झाला. सुरू दीडशे वर्षं किनाऱ्यावर उभा असूनही कधी गावाच्या निर्णयाचा विषय झाला नाही. तो लावायचा कधी, कुठे, तोडायचा का, हे दर वेळी बाहेर ठरलं. बनात फिरणाऱ्याला त्याची सावली सुखद वाटते हे खरंच आहे, आणि तेवढ्यासाठी बन राखावं असं कुणाला वाटलं तर तेही अप्रामाणिक नाही. मात्र मग ते बाग म्हणून राखावं. बागेला माळी लागतो, खर्च लागतो, आणि ती कुठवर पसरू द्यायची हे ठरवावं लागतं. निसर्ग म्हटलं की हे तिन्ही प्रश्न विचारायचे राहून जातात.

वादळानंतर ‘पूर्वीसारखं बन उभं करा’ अशी मागणी होणं स्वाभाविकच. या मागणीतलं ‘पूर्वी’ कुठलं धरायचं हे मात्र ठरवायला हवं. १८६८च्या आधीचं धरलं तर पुळणीलगत मर्यादवेल आणि गवत, त्यामागे केवडा नि निगडी, आणि वाडीच्या कुंपणाला उंडी, करंज, भेंड अशी उतरंड पुन्हा बसवावी लागेल. होड्या ओढायला मधे मोकळ्या जागा सोडाव्या लागतील. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंत बांधकामावर बंधनं घातली, तेव्हापासून हा पट्टा कायद्याच्या नकाशावर निदान दिसू तरी लागला आहे. १९८२ नंतरचं ‘पूर्वी’ धरलं तर काम सोपं आहे, रोपवाटिकेतून रोपं आणायची आणि ओळीत लावायची. उंडी सावकाश वाढते, पहिली काही वर्षं ती तिथे आहे हेही लांबून कळत नाही. केवड्याच्या जाळीत साप राहतात म्हणून पर्यटकांच्या वाटेवर तो कुणाला नको असतो. मर्यादवेल तर झाडात मोजलीच जात नाही, तेव्हा लावलेल्या रोपांच्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही. सुरू पाच वर्षांत छायाचित्रात दिसतो, आणि कामाचा हिशेब दर मार्चअखेर द्यावा लागतो.